पुढचा कॅमेरा

बॉक्समध्ये काय काय आहे

फोन. केबल. सिमचा कप्पा उघडायची पिन. एक पातळ पारदर्शक कव्हर. चार्जर नाही, तो वेगळा घ्यावा लागतो.

राघवेंद्रला हे पाठ होतं. त्या नव्या फोनचा बॉक्स त्यानं हातात घेतला नव्हता, पण तो उघडणारे पुष्कळ लोक पाहिले होते. संध्याकाळी रेल्वेच्या ऑफिसातून आलं की तो कुकर लावायचा, आपला जुना फोन तेलाच्या डब्याला टेकवून ठेवायचा, आणि कोणीतरी म्हणायचं, ‘नमस्कार मित्रांनो.’ दिवसभरात त्या घरात शिरणारा हा पहिला आवाज. मग तो माणूस नख लावून प्लास्टिक सोलायचा, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, फोनचे काठ कसे आहेत, उन्हात स्क्रीन कशी दिसते हे ऐकत राघवेंद्र जेवायचा. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप लागायचा. ताट धुताना पाण्याच्या आवाजात शब्द बुडायचे, तरी तो बंद करायचा नाही.

नांदेडला तरोडा नाक्याच्या पुढे त्याचा फ्लॅट. बायको श्रद्धा आणि मुलगी अपूर्वा लातूरला. अकरावी झाली, बारावी झाली, मेडिकलची नीट परीक्षा झाली, मार्क कमी पडले, आता रिपीटचं वर्ष. लातूरला क्लास, नांदेडला पगार. त्याच्या ऑफिसात अशी आणखी तीन-चार घरं होती. कोणी त्याला वेगळं राहणं म्हणत नव्हतं. ‘मिसेस लातूरला आहेत’ एवढं सांगितलं की ऐकणारा पुढचं सगळं समजायचा आणि डबा कुठून येतो ते विचारायचा.

आधीच्या फोनशी तुलना

आधीचा फोन ऑफिसच्या जिन्यात पडला होता. चालत होता. फक्त पुढचा कॅमेरा गेला. तो लावला की पांढरं धुकं दिसायचं आणि त्यात एक करडा डाग. तो डाग म्हणजे राघवेंद्र.

पण त्याला बघणार कोण होतं? लातूरच्या खोलीत स्मार्टफोनच नव्हता. तो नियम राघवेंद्रचाच.

क्लासच्या पहिल्या सभेत सरांनी मुलांना फोन देऊ नका म्हणून सांगितलं, तेव्हा सगळ्या पालकांनी माना हलवल्या होत्या. राघवेंद्र एक पाऊल पुढं गेला. आईच्या हातात असला तरी मुलीचं लक्ष जाणारच, म्हणून त्यानं श्रद्धाचाही फोन एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला. लातूरच्या दुकानांत अशा घरांसाठी बटनांचे फोन समोरच्याच काचेत मांडलेले असतात. तिथून एक घेतला. त्या नवीन फोनवर श्रद्धानं त्याचं नाव जोडायला घेतलं. एकेक बटन तीनतीनदा दाबून ‘अहो’ एवढंच आलं. मग तिनं तेच ठेवलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी:

“पेपर कसा गेला?”

“चांगला गेला, पप्पा.”

“शाब्बास.”

आणि मग श्रद्धा. जेवलात का. हो. काय केलं. वरण-भात. बरं.

मागचा कॅमेरा

“साब, हे बघा. चंद्र. काल गच्चीवरून काढला मी. खड्डे दिसून राहिले का न्हाई?”

“दिसतायत.”

“आपल्या रोडचे न्हाईत, चंद्राचे हायत.”

शारिक आपल्याच विनोदावर हसला. वजिराबादेतलं हे दुकान अर्धं त्याचं, अर्धं त्याच्या वडलांचं. या बाजूला मोबाईल, त्या बाजूला खाजामियाँ डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळं दुरुस्त करायचे. फोन बाजारात येऊन आठवडाही झाला नव्हता आणि राघवेंद्रची ही कितवी तरी खेप होती.

“पुढचा कॅमेरा दाखव.”

“तुमी सेल्फी काढता, साब?”

“व्हिडिओ कॉलसाठी.”

“मग तर याच्यावर कुठलाच न्हाई. अंधारात बी चेहरा असा येतो की समोरच्याला वाटावं, बाजूलाच बसलाय.”

राघवेंद्रनं फोन चेहऱ्यासमोर धरला. दाढीचे पांढरे खुंट. डोळ्यांखाली सुरकुत्यांची जाळी. शर्टाच्या कॉलरला निघालेला दोरा. दाढी करताना आरशात दिसतो तो हा माणूस नव्हता. आरशात तो फक्त गाल बघायचा.

“समोर कुठला फोन हाय?” खाजामियाँनी मान वर न करता विचारलं. “समोर बी चांगला पायजे. न्हाईतर तुमी लाख चांगला घ्याल, त्यांचं धूसरच दिसणार.”

“समोर... समोरचं बघतो मी.”

“अब्बा, गिऱ्हाईक नका घालवू,” शारिक म्हणाला. “साब, ऐका. दोनच पीस आले आपल्याकडं. एक डॉक्टरसाब घेऊन गेले. दुसरा तुमच्यासाठी दाबून ठेवलाय. सोमवारपर्यंत धरतो. मंगळवारी मला माफ करा.”

पैशाचा प्रश्न नव्हता. राघवेंद्रनं विचार केला होता: नवीन घ्यायचा, जुन्याचा कॅमेरा शारिककडून बदलून घ्यायचा, आणि जुना लातूरला द्यायचा. फक्त रविवारी. अपूर्वाचा अभ्यास झाल्यावर. थोडा वेळ. नियम त्याचाच होता, तो त्यालाच वाकवता आला असता.

श्रद्धाला एकदा विचारायचं होतं. उद्या रविवार.

घ्यायचा का

(एसटीत, अहमदपूरच्या अलीकडे, मनातल्या मनात)

श्रद्धा, मी म्हणत होतो की.

अगं, तो माझा फोन पडला ना, तर आता घ्यावाच लागणार, तर म्हटलं.

श्रद्धा, नियम केला तेव्हा गोष्ट वेगळी होती. तेव्हा वाटलं दोन वर्षं. दोन वर्षं म्हणजे.

मला तिचा चेहरा.

नाही. तिच्यासाठी म्हणून सांगायचं. तिला बरं वाटेल, पप्पा दिसले की. टेन्शन कमी होतं. तज्ज्ञ सांगतात.

श्रद्धा, तुला कधी वाटतं का की.

शेजारच्या सीटवरच्या माणसानं विचारलं, “काय म्हणलात?”

“काही नाही,” राघवेंद्र म्हणाला. “चाकूर आलं का विचारत होतो.”

हातात घेतल्यावर

लातूरच्या त्या इमारतीच्या दारावर पाटी आहे: फक्त विद्यार्थिनी व माता. पुरुष पालकांनी खालीच बसावे.

अशा इमारती त्या गल्लीत ओळीनं आहेत. रविवारी प्रत्येकीच्या पोर्चमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतात आणि त्यांवर बाप बसतात. पायाशी पिशव्या, पिशवीत तूप, लोणचं, स्वेटर. वरच्या मजल्यांवरून बादल्यांचे, कुकरचे, हसण्याचे आवाज येतात. बाप वर बघतात, मग पेपर वाचतात. राघवेंद्रनं बायको-मुलीची खोली कधी पाहिली नव्हती. खिडकी कोणती ते माहीत होतं. तिच्यात एक निळी ओढणी वाळत असायची.

अपूर्वा खाली आली. केस ओले, हातात पेन.

“पप्पा, किती वाळलात.”

“तू वाळलीस. टेस्ट होती ना सकाळी?”

“हं.”

“कसा गेला पेपर?”

“चांगला गेला.”

हे तो रोज ऐकत होता आणि रोज खरं धरत होता. पण आज पेपरच्याच दिवशी समोर चेहरा होता. चांगला म्हणताना तिचा खालचा ओठ किंचित आत गेला आणि नजर चपलेच्या अंगठ्यावर गेली. दहावीत ती शाळेतून येऊन दारात नुसती उभी राहिली तरी तो मार्क सांगायचा, फार तर पाच-दहाचा फरक पडायचा. शेजाऱ्यांना कौतुक होतं त्याचं. आजही आकडा आपोआप डोक्यात आला. तो त्यानं गिळला.

“मी नवीन फोन घेतोय,” तो म्हणाला. एसटीत जुळवलेलं सगळं विसरून. “आणि माझा जुना तुम्हाला. म्हणजे रविवारी का होईना, व्हिडिओवर...”

अपूर्वानं पेनाचं टोपण काढलं. लावलं. पुन्हा काढलं.

“कशाला, पप्पा? मे महिन्यात परीक्षाच आहे. डिस्ट्रॅक्शन होतं. तुम्हीच म्हणता.”

“हो, पण...”

“मला रिव्हिजन आहे. मम्मी येतीय डबा घेऊन.”

पिशवी घेऊन ती वर गेली. जिन्यात तिची पावलं भराभर वाजली.

शेजारच्या खुर्चीवर निलंग्याचे बसवंत होते. उसाच्या वाहतुकीचा धंदा, मुलगी वरच्याच मजल्यावर. राघवेंद्र दोन-तीन महिन्यांतून आला की दिसायचे, हसायचे. आज मोबाईल पुढं करून म्हणाले, “या आठवड्यात पोरींच्या दुपारच्या डब्यात मेसवाल्यानं पुन्हा भोपळाच दिलाय. बघा, ग्रुपवर सगळ्या माउल्यांनी त्याला कसं धुतलंय.”

“कुठला ग्रुप?”

“मेसचा. तुमी न्हाई त्यात? कमाल हाय. तुमच्या मिसेस तर लीडर हायत. पैला मेसेज त्यांचाच असतो.” त्यांनी बोट ठेवून दाखवलं. “ह्या बघा. त्याच ना?”

नंबर राघवेंद्रच्या ओळखीचा नव्हता. नाव होतं, ‘अपूर्वाची मम्मी’. शेजारी छोटा गोल फोटो. बसवंतांनी तो मोठा केला.

श्रद्धा आणि अपूर्वा गालाला गाल लावून हसत होत्या. मागं भिंतीवर सूत्रं लिहिलेले कागद चिकटवलेले, दोरीवर निळी ओढणी, कोपऱ्यात घडी केलेली गादी. खोली अशी होती तर. श्रद्धानं केस बारीक कापले होते. नाही, कापले नव्हते, मागं बांधले होते. फोटो अपूर्वानं हात लांब करून काढला होता. तिचा दंड अर्ध्या फोटोत आला होता.

“ब्येस आलाय फोटो,” बसवंत म्हणाले.

“हो.”

“चहा घेऊन येतो, चलता का?”

“तुम्ही व्हा पुढं.”

स्क्रीन विझली. बसवंतांनी फोन खिशात घातला आणि राघवेंद्रच्या बायको-मुलीला घेऊन ते चहाला गेले.

अपडेट

श्रद्धा डबा घेऊन आली. खुर्ची ओढून बसली. मेथीची भाजी, भाकरी, ठेचा. तो जेवताना ती त्याच्याकडं न बघता रस्त्याकडं बघत होती.

“अपूर्वा म्हणाली तुम्ही फोन घेताय.”

“हं. ...डीपी छान आहे तुझा.”

तिचा हात डब्याच्या झाकणावर थांबला.

“कोणी दाखवला?”

“निलंग्याचे. त्यांना वाटलं मला माहीत असेल.”

जिन्यावरून उतरणाऱ्या दोन मुलींना दोघांनी पुढं जाऊ दिलं.

“अहो, क्लासचं सगळं ॲपवर असतं. पेपर, उत्तरं, डाउट. बटनावर काय उघडणार ती? दिवाळीत घेतला.”

“दिवाळीत मी इथंच बसलो होतो. फराळ घेऊन.”

“हो.”

“सांगायचं ना. मी काय रागावलो असतो?”

“नसता रागावला. माहीत आहे मला. तुम्ही रोज व्हिडिओ लावला असता.”

“मग?”

“मग तिला रोज चेहरा दाखवावा लागला असता.”

राघवेंद्रनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

“निकालाच्या दिवशी, नांदेडला,” श्रद्धा म्हणाली. आवाज तिनं खाली आणला होता, कारण पलीकडच्या खुर्चीवर कोणीतरी येऊन बसलं होतं. “ती आतल्या खोलीत निकाल बघून बाहेर आली. तिनं तोंड उघडलं, आणि तुम्ही म्हणालात, पाचशेच्या आत आहेत. बरोबर होतं तुमचं. नेहमीच असतं. पण तिला सांगूही दिलं नाहीत, अहो. ती नुसती मान हलवून परत आत गेली.”

“मला वाटलं, तिला बोलायला जड जाईल.”

“गेलं असतं. बोलली असती तरी.”

वर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

“फोनवर ती म्हणते चांगला गेला,” श्रद्धा म्हणाली. “आणि तुम्ही म्हणता शाब्बास. सर बोलतात, मैत्रिणी तुलना करतात, मी समोर असते, मला सगळं दिसतं. दिवसातून एक माणूस तिला शाब्बास म्हणतो. तेवढ्यावर ती परत पुस्तक उघडते. खोटं आहे. असू द्या ना. मेपर्यंत असू द्या.”

“आज पाहिलं मी.”

“माहीत आहे. वर येऊन रडली. म्हणाली, पप्पांना कळलं.”

“मी काही बोललो नाही. या वेळी नाही बोललो.”

“तेही सांगितलं तिनं.”

तो हात धुवायला नळाकडं गेला. परत आला तेव्हा तिनं डबा बांधून ठेवला होता.

“तिला सांगू नको,” तो म्हणाला, “मी फोटो बघितला म्हणून.”

“नाही सांगत. माझा नंबर देऊ का? नुसता तुमच्याजवळ असू द्या.”

त्याला हो म्हणायचं होतं. नंबर असला की तो फोटो त्याच्याही फोनवर आला असता. स्वयंपाकघरात, तेलाच्या डब्याला टेकून.

“नको. जवळ असला तर लावीन मी.”

“मला नाही का वाटत, लावावा...” श्रद्धा म्हणाली आणि थांबली.

“काय?”

“काही नाही. लोक बसलेत.” तिनं त्याच्या कॉलरचा दोरा बोटाला गुंडाळला आणि झटक्यात तोडला. “जा आता. चारची गाडी चुकेल.”

बॅटरी

जुन्या फोनची, परतीच्या एसटीत लोह्यापर्यंत टिकली.

कोणी घेऊ नये

“या, साब, या. तुमचीच वाट बघून राहिलो. कव्हर कुठलं टाकू? ग्लास आपल्याकडून फ्री.”

“नको, शारिक. देऊन टाक कोणाला.”

शारिकचा चेहरा पडला. “आता काय झालं? समोरचा फोन जमला न्हाई का?”

“समोर आहे. चांगला आहे.”

“मग काय कमी हाय यात?”

“पुढचा कॅमेरा.”

“अहो साब, उलट तोच तर!”

“फार स्पष्ट आहे.”

शारिकनं वडलांकडं बघितलं. “अब्बा, ऐकलं का? अंधुक दिसतंय म्हणून लोक परत करतात, हे स्पष्ट हाय म्हणून.”

खाजामियाँ घड्याळाच्या पोटात चिमटा घालून बसले होते. “जबरदस्ती न्हाई,” एवढंच म्हणाले. “चहा घेऊन जा, राघवेंद्रसाब.”

चहा घेतला. शारिक तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाला चंद्र दाखवत होता.

घरी येऊन राघवेंद्रनं कुकर लावला. फोन डब्याला टेकवला नाही, हातातच ठेवला. लातूरचा जुना, बटनांच्या फोनचा नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला. तो नेहमी श्रद्धा उचलायची, आज अपूर्वा.

“पप्पा.”

“हं, बोल.”

“घेतला का फोन?”

मागं ताटांचा आवाज येत होता, कोणीतरी नळ बंद करत होतं. ती श्वास धरून होती. दिसत नव्हतं, पण धरून होती.

“नाही घेतला,” तो म्हणाला. “पुढचा कॅमेरा एकदम बेकार निघाला. सगळं धूसर. पैसे पाण्यात गेले असते.”

“हो का?” तिचा आवाज एकदम सैल झाला. “मग नकाच घेऊ. मेनंतर बघू आपण. तोपर्यंत दुसरा येतोच, पप्पा, फोनवाल्यांचं तसंच असतं. मी सांगेन तुम्हाला कुठला घ्यायचा.”

“तूच सांग.”

त्यानं पेपरचं विचारलं नाही. तिनंच सांगितलं. “आज केमिस्ट्रीची टेस्ट होती. पेपर चांगला गेला.”

“शाब्बास.”

शब्द रोजच्यासारखा निघाला की नाही, त्याला कळेना. पण पलीकडं ती बोलायला लागली होती, कितीतरी महिन्यांनी अशी, न थांबता. शेजारच्या खोलीतली सबिहा झोपेत बायोलॉजी बोलते, काल म्हणे ती हृदयाचे चारही कप्पे ओळीनं बोलली आणि मग म्हणाली अम्मी दार उघड, आणि सगळ्याजणी उठून हसत बसल्या, मम्मी तर इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मेसवाल्यानं आज चक्क वांगं दिलं, आणि गच्चीवर एक मांजर व्यालीय पण मालकिणीला सांगायचं नाही असं ठरलंय, तीन पिल्लं आहेत, एक अगदी—

“कसं आहे?” राघवेंद्रनं विचारलं.

“काळं. म्हणजे काळं नाही, कसं सांगू, तुम्हाला दाखवायला...” ती अडखळली. मग म्हणाली, “राखेसारखं. पाय पांढरे. मोजे घातल्यासारखे.”

“आणि डोळे?”

“उघडले नाहीत अजून.”

कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली, आणखी होत राहिल्या. गॅस बंद करायला त्याला पुढं जावं लागलं असतं आणि तिथं वायफायवर व्हिडिओ चालायचे, पण कॉल तुटायचा. तो खिडकीशी उभा राहिला, जुना फोन कानाला गच्च लावून, आणि भात करपू लागल्याचा वास आला तरी त्यानं विचारलं, दुसरं कसं आहे.